कोवळ्या आतड्याचा दाह : एका शोधाची कहाणी

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या घरी पुत्र जन्मास आला. दिवस भरण्यास साडेपाच आठवडे अवकाश होता आणि बाळाचे वजन होते जेमतेम २.१ किलो. जन्मताच त्याला श्वास घेणे जड जाऊ लागले. लष्करी तळावरील धर्मगुरूने लगेच त्याचा बाप्तिस्मा केला, पॅट्रिक हे नाव ठेवले आणि बाळाला बोस्टनच्या रुग्णालयात हलविण्यात आले. तेथे दाबाखालील प्राणवायूच्या कोठीत ठेवूनही ते अवघे ३९ तास जगले. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली पित्यालाही आपल्या लेकराच्या दोन इवल्या फुप्फुसांपुढे हात टेकावे लागले.

या मृत्यूनंतर अकाली जन्मलेल्या बालकांच्या श्वसनाच्या संशोधनाला मोठी चालना मिळाली. पुढील दहा-पंधरा वर्षांत कृत्रिम श्वासाची यंत्रे आली, काचेच्या पेट्यांतील देखभाल सुधारली आणि पूर्वी दुसऱ्या दिवशीच दगावणारी बालके आठवडा, पंधरवडा जगू लागली. तेव्हा डॉक्टरांसमोर एक निराळाच शत्रू उभा राहिला. बाळ श्वासाच्या संकटातून सावरते, नळीवाटे दूध घेऊ लागते, आईच्या जिवात जीव येतो. आणि मग एके दिवशी पोट फुगते, हिरवट उलटी होते, शौचातून रक्त जाते. क्ष-किरण चित्रात आतड्याच्या भिंतीतच वायूचे बुडबुडे दिसतात. आतड्याचा काही भाग जिवंतपणीच मृत होऊ लागलेला असतो. १९५३ साली श्मिड आणि क्वायझर यांनी एका ऑस्ट्रियन नियतकालिकात या आजाराचे वर्णन केले होते, तर १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील बर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ बालकांची माहिती प्रसिद्ध केली. ‘नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस’ हे या आजाराचे नाव तेव्हापासून रूढ होत गेले. आपण त्याला आतड्याचा नाशकारी दाह म्हणू.

हे का घडते? पहिले समाधानकारक वाटणारे उत्तर आले ते सागरी प्राण्यांच्या अभ्यासातून! सील पाण्यात बुडी मारतो तेव्हा त्याचे शरीर प्राणवायूची काटकसर करते. हृदय व मेंदू यांचा रक्तपुरवठा राखून आतडी, कातडी, स्नायू यांचा तोडते. नॉर्वेजियन शास्त्रज्ञ स्कोलँडर यांनी १९४० मध्ये हे सविस्तर मांडले होते. १९६९ साली लॉइड या शल्यविशारदाने म्हटले की, जन्माच्या वेळी गुदमरलेले बालकही असेच करते. मेंदू वाचविण्यासाठी ते आपले आतडे पणाला लावते. ही उपपत्ती मोठी मोहक आहे, आणि मोहक उपपत्तीचा धोका असा की, ती फार लवकर पटते. पुढे १९८० च्या दशकात ध्यानात आले की, या आजाराने पछाडलेली कितीतरी बालके जन्मताना मुळीच गुदमरलेली नसतात, आणि गुदमरलेल्या बहुसंख्य बालकांना हा आजार होत नाही. प्राणवायूचा अभाव हा गुन्हेगारांच्या टोळीतील एक होता, एकटा नव्हता.

टोळीतील इतरांचा माग न्यूयॉर्कच्याच बार्लो आणि सँटुली यांनी काढला. १९७४ मध्ये त्यांनी उंदरांच्या नवजात पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पिलांना वरचेवर प्राणवायूची वाण भासविली, आणि काहींना वरचे दूध, तर काहींना आईचे दूध दिले. वरच्या दुधावरच्या पिलांची आतडी सडली. आईच्या दुधावरची पिले तोच ताण सोसूनही वाचली. दुखावलेले अस्तर, जंतू आणि पोटातील अन्न हे तिघे एकत्र आले म्हणजे अनर्थ होतो, असे सँटुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ६४ रुग्णांच्या आढाव्यात मांडले. आईच्या दुधात असे काय आहे, हा प्रश्न मात्र तेव्हा कोडेच राहिला.

दरम्यान दुसऱ्या एका प्रयोगशाळेत एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. रक्त तुटल्याने आतड्याचे नुकसान होते हे उघडच आहे. पण रक्त परत येते तेव्हा अधिक नुकसान होते! पार्क्स आणि ग्रेंजर यांनी १९८६ मध्ये दाखविले की, चार तास रक्तावाचून राहिलेल्या आतड्यापेक्षा तीन तास रक्तावाचून राहून नंतर एक तास रक्त मिळालेल्या आतड्याची दुर्दशा जास्त होते. प्राणवायू परतताच विषारी रेणू निर्माण होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि शरीराची संरक्षक सेनाच आपल्या गावाला आग लावते. याचेच नाव दाह. मग साहजिकच विचार आला की, हा दाह औषधाने शमविला तर?

शिकागो येथील गोन्झालेझ-क्रुसी आणि वेई श्वे या दोघा विकृतिशास्त्रज्ञांनी १९८३ साली त्या आगीची काडीच हाती दिली. (यांपैकी गोन्झालेझ-क्रुसी हे नामवंत निबंधकारही आहेत, शवविच्छेदनाच्या टेबलावरून ललित निबंध लिहिणारा हा माणूस आपल्याकडच्या साहित्यिकांनी जरूर वाचावा.) ‘प्लेटलेट ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर’ या नावाचा दाहकारी पदार्थ त्यांनी उंदरांच्या रक्तवाहिनीत सोडला आणि आतड्याचा तसाच नाश झालेला पाहिला. जंतूंच्या विषाची जोड दिली तर त्याची अगदी अल्प मात्राही पुरत असे. १९९० मध्ये कॅपलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजारी बालकांच्या रक्तात हा पदार्थ वाढलेला आणि त्याचा नाश करणारे विकर घटलेले आढळले. त्या पदार्थाला अटकाव करणारी औषधे उंदरांच्या पिलांना वाचवू शकली. माणसाच्या बाळाच्या उपचारात मात्र ती आजतागायत येऊ शकलेली नाहीत.

माणसाच्या बाळापर्यंत जे दाहशामक औषध पोहोचले त्याचा मार्ग वेगळा होता. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लिगिन्स हे डॉक्टर प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात, याचा मेंढ्यांवर अभ्यास करीत होते. गर्भातील कोकराला स्टेरॉइड दिल्यावर ते अकाली जन्मले. रात्रीत मरायला हवे होते, पण सकाळी ते श्वास घेत पडले होते! बालरोगतज्ज्ञ हॉवी यांच्यासह त्यांनी २८२ मातांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध मिळालेल्या मातांच्या बालकांत श्वासाचा विकार ९ टक्के, न मिळालेल्यांत २५.८ टक्के. १९८४ साली बाउअर आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, अशा बालकांत आतड्याचा आजारही कमी होतो. मातेच्या दंडात टोचलेली सुई वारेतून बाळाच्या आतड्यापर्यंत पोहोचत होती. इतके असूनही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या उपचाराचा सर्रास पुरस्कार करण्यास १९९४ साल उजाडले. बावीस वर्षे! या काळात किती बालकांना हे औषध मिळू शकले असते, याचा विचार मनाला अस्वस्थ करतो.

जन्मापूर्वी जे अमृत ठरले तेच जन्मानंतर सरसकट देऊ पाहता विष ठरले. इंडोमेथासिन हे संधिवातावरचे दाहशामक १९७६ पासून अकाली बालकांच्या हृदयाजवळील उघडी राहिलेली वाहिनी बंद करण्यासाठी वापरात आले. पण ते आतड्याचा रक्तपुरवठाही घटविते. आणि एक किलोहून कमी वजनाच्या २२० बालकांना जन्मानंतर लगेच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अथवा निरुपद्रवी द्रव देऊन केलेली अमेरिकन चाचणी मध्येच थांबवावी लागली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार स्टेरॉइड मिळालेल्या १३ टक्के बालकांच्या पोटात छिद्र पडले होते, इतरांत हे प्रमाण ४ टक्के होते. दोन्ही औषधे एकत्र पडली तेथे धोका आणखी मोठा होता. त्या चाचणीतील डॉक्टर निष्काळजी नव्हते. दाह हा आजाराचा भाग आहे तसा जखम भरून येण्याचाही आहे, आणि कोवळ्या आतड्याला या दोहोंतला भेद औषध शिकवू शकत नव्हते. चाचणी वेळेत थांबविली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

बार्लो-सँटुलींच्या पिलांचे कोडेही याच सुमारास थोडेफार सुटले. ज्या विकराची आजारी बालकांच्या रक्तात वाण होती, ते विकर मातेच्या दुधात असल्याचे १९९० च्या दशकाच्या आरंभी आढळले. इंग्लंडमध्ये ल्युकस आणि कोल यांनी १९९० मध्ये ९२६ अकाली बालकांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. केवळ वरच्या दुधावरील बालकांत हा आजार केवळ मातेच्या दुधावरील बालकांपेक्षा सहा ते दहा पट अधिक होता.

त्यापूर्वीच, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी, मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली होती. महापालिकेचे रुग्णालय, धारावीसारख्या वस्त्यांतून येणाऱ्या बाळंतिणी आणि मूठभर वजनाची बालके! ज्या मातेला दूध जास्त येते तिने ते शेजारच्या खाटेवरील बाळासाठी द्यावे, इतकी साधी ती योजना. दूध ६२.५ अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, गोठवितात आणि गरजेनुसार काढतात. तापविल्याने त्यातील काही जिवंत घटक नष्ट होतात, हे खरे. तरीही दात्या मातांच्या दुधावर वाढणाऱ्या अकाली बालकांत हा आजार वरच्या दुधावरील बालकांपेक्षा कमी आढळतो.

आजार एकदा जडल्यावर त्याच्यावर नेमके लागू पडणारे औषध आजही नाही. दूध बंद करणे, शिरेतून द्रव व प्रतिजैविके देणे, आणि आतड्याला छिद्र पडले तर मेलेला भाग कापून काढणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. टाके सुकले आणि पोट मऊ राहिले, तर काही दिवसांनी बाळाला पुन्हा पाजण्यास प्रारंभ करतात, नळीवाटे, एकेका मिलिलिटरने. आणि मिळू शकले तर ते दूध आईचेच असते.