किल्वा बेटाची बखर : एक वृत्तांत, दोन पाठ

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, सध्यांच्या टांझानिया देशांत, किल्वा किसिवानी नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथें आज थोडकी वस्ती, जुनी मोठी मशीद व हुसुनी कुब्वा या राजवाड्याचे अवशेष एवढेंच दिसतें. परंतु इ. स. १३३१ मध्यें इब्न बतूता येथें उतरला तेव्हां सोफाळ्याच्या सोन्याच्या व्यापारानें हें शहर संपन्न झालेलें होतें.

या शहराची बखर दोन पाठांत उपलब्ध आहे. एक, पोर्तुगीज इतिहासकार बारुश यानें १५५२ सालीं छापिलेल्या आपल्या ग्रंथांत दिलेला सारांश. दुसरा, 'किताब अस्-सुलवा' हा अरबी ग्रंथ. याची १८७७ मधील नक्कल झांजिबारचा सुलतान बर्घश यानें सर जॉन कर्क यांस दिली. ती हल्लीं लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत आहे.

शिराझहून आलेल्या मंडळींनीं कापड देऊन बेट विकत घेतलें, येथवर दोन्ही पाठ जुळतात. पुढें मात्र फरक पडतो. अरबी पाठांत पिता व त्याचे सहा पुत्र सात जहाजांतून येतात. बारुशाच्या पाठांत आद्य पुरुष त्या पित्याच्या सात पुत्रांपैकीं एक, अली हा होय. काळहि जुळत नाहीं. अशा स्थळीं निवाडा नाण्यांनींच करावा लागतो. अली बिन अल्-हसन याच्या नाण्यांवरून उत्खननकार चिटिक यांनीं हें घराणें बाराव्या शतकाच्या अखेरीस धरिलें. पण १९८४ मध्यें पेंबा बेटावर सांपडलेल्या निधीनें त्या नाण्यांचा काळ अकराव्या शतकापर्यंत मागें नेला.

१५०२ मध्यें वास्को द गामा यानें किल्व्यावर खंडणी बसविली. त्या सोन्याची १५०६ सालीं घडविलेली धर्मपूजेची वस्तु लिस्बनच्या संग्रहालयांत आहे. जुलै १५०५ मध्यें आल्मेदा यानें शहर लुटलें, अमीर इब्राहीम पळाला, व मुहंमद अंकोनी यास गादीवर बसवून किल्ला बांधण्यांत आला. १५१२ मध्यें तो किल्ला पोर्तुगिजांनीं सोडून दिला. हाच आल्मेदा पुढें १५०८ च्या अखेरीस आपलें दाभोळ बंदर जाळणारा होय.

आतां मुख्य मुद्दा. अरबी ग्रंथकारानें दहा प्रकरणें योजिलीं होतीं; उपलब्ध मजकूर सातव्यांतच, फिरंग्यांच्या आगमनाच्या सुमारास, तुटतो. म्हणून या बखरीच्या आधारें किल्व्याच्या लुटीची हकीकत किल्व्याच्या तोंडून ऐकूं येत नाहीं; ती जेत्यांच्या लेखणींतूनच घ्यावी लागते. एका पाठावरून दुसरा दुरुस्त करण्याचा मोह यामुळेंच टाळावा. पाठभेद जसेच्या तसे ठेवावे. आणि जुन्या दप्तरांत अपुरी नक्कल सांपडल्यास ती निरुपयोगी समजून टाकूं नये. अस्सल नष्ट झाल्यावर ३५० वर्षांनंतरची नक्कलहि एका नगरीची साक्ष ठरते, हें किल्व्यावरून दिसतें.