ऐकलेली तारीख: मोडीच्या कारकुनापासून मोबाइलपर्यंत

१/ पोखर्णी हे परभणी-परळी लोहमार्गावरचे, नृसिंह मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले गाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. म्हणून इकडच्या जुन्या महसुली कागदांवर फसली सन आढळतो. असे कागद आज मोबाइलला वाचून दाखवले की यंत्र ते टंकून देते. खरी परीक्षा असते आकड्यांची. अक्षर चुकले तर वाक्य अडखळते आणि चूक दिसते. आकडा चुकला तर त्याच्या जागी तितकाच विश्वसनीय दिसणारा दुसरा आकडा उमटतो.

२/ यंत्राने माणसाच्या वाणीतून आरंभी ओळखले ते आकडेच. १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे 'ऑड्री' यंत्र शून्य ते नऊ हे अंक ओळखू लागले. आयबीएमच्या 'शूबॉक्स'ला १९६२ मध्ये सोळा शब्द कळत. त्यांतले दहा अंकच होते. गूगलचे आवाजी टंकलेखन मराठीत आले ते ऑगस्ट २०१७ मध्ये.

३/ मराठी संख्यानामे मात्र सुट्या अंकांची नाहीत. 'त्र्याहत्तर' म्हणताना तीन आधी येतात, सत्तर नंतर. लिहिताना क्रम उलटतो. 'सतरा' आणि 'सत्तर' कानाला जवळचे. 'पावणेदोनशे'त दोनशे ऐकू येतात, पण लिहायचे असतात १७५. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली आणि वाद पेटला, तो याच जोडशब्दांवरून.

४/ मराठेशाहीतील कारकूनही सांगितलेले ऐकूनच लिहीत असे. पत्रांवरचा शुहूर सन तर अरबी संख्याशब्दांत असे. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ किंवा, जानेवारीपासूनची तारीख असल्यास, ६०० मिळवले की इसवी सन येतो. पानिपतचे वर्ष हेच.

५/ कानावर एकट्यावर भिस्त नको, म्हणून जुनी कालगणना एका दिवसाला अनेक साक्षीदार देते. पानिपतचा दिवस: शके १६८२, विक्रम संवत्सर, पौष शुद्ध ८, बुधवार. समजा 'ब्याऐंशी'चे 'बहात्तर' ऐकू आले. शके १६७२ चे संवत्सर प्रमोद, विक्रम नव्हे. संवत्सराचे नाव लगेच चूक धरून देते. धनादेशावर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहितात, त्यामागे हीच दक्षता आहे.

६/ फसली सनाला अशा साक्षीदाराची विशेष गरज आहे. फसली १३५७ मध्ये ५९० मिळवले तर १९४७, ५९१ मिळवले तर १९४८. एका बाजूला निजामाचे राज्य, दुसऱ्या बाजूला त्याचा शेवट. महिना सुटला तर कागद कोणत्या बाजूचा, हेच ठरत नाही.

७/ म्हणून जुना कागद यंत्राला सांगताना वर्ष दोनदा सांगावे: एकदा 'तेराशे सत्तावन्न', एकदा 'एक तीन पाच सात'. महिना आकड्याने न सांगता नावाने सांगावा. वार, तिथी, संवत्सर असल्यास गाळू नये. शुहूर सनाचे अरबी शब्द जसेच्या तसे नोंदवून शेजारी अंक लिहावेत. इसवी सनाचे रूपांतर वेगळ्या ओळीत ठेवावे. मूळ नोंदीत मिसळू नये. शेवटी टंकलेला मजकूर मूळ कागदाशी डोळ्यांनी ताडून पाहावा. जमिनीचा हक्क किंवा वारसा अनेकदा अशा एकाच तारखेवर उभा असतो, आणि ती चुकल्याचे यंत्र सांगत नाही.