अर्धशिशीची उसनी औषधे

१/ १९६४ साली बॉस्टनचे डॉ. जॉन ग्रॅहम यांनी एका नव्या औषधाचा तीन वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. औषध मेथिसर्जाइड, रुग्ण ५००. अर्धशिशीचा झटका येऊच नये म्हणून रोज घ्यावयाचे हे औषध अनेकांना लागू पडले होते. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, त्याच वैद्यकीय नियतकालिकात ग्रॅहम यांचा दुसरा लेख आला. औषध तेच, या वेळी विषय होता त्याने केलेल्या हानीचा.

२/ या दोन लेखांच्या मध्ये काय घडले, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

३/ व्याधी जुनीच. चरकसंहितेत तिला 'अर्धावभेदक' म्हटले आहे. ग्रीक वैद्य गेलेनचा शब्द 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धी कवटी. तोच झिजत झिजत 'मायग्रेन' झाला. मराठीतल्या 'अर्धशिशी'तही तेच अर्धे डोके आहे. नस्य, लेप, रक्तमोक्षण असे उपाय शतकानुशतके चालले; त्यांची यादी येथे नको.

४/ झटक्यावरचा उपाय वेगळा आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात सातत्याने द्यावयाचा उपचार वेगळा, हा भेद लंडनचे विल्यम गॉवर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठसठशीतपणे मांडला. सातत्याच्या उपचारासाठी त्यांनी नायट्रोग्लिसरिनचे अत्यल्प मात्रेतले मिश्रण सुचवले. गंमत अशी की, आज संशोधक हेच नायट्रोग्लिसरिन प्रयोगशाळेत अर्धशिशी मुद्दाम उठवण्यासाठी वापरतात!

५/ विसाव्या शतकात मात्र सर्वांचे लक्ष झटक्याकडेच वळले. राय धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या अरगट नावाच्या विषारी बुरशीतून स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतील आर्थर स्टोल यांनी १९१८ मध्ये अर्गोटामिन वेगळे काढले. १९३८ मध्ये हॅरल्ड वुल्फ आणि तरुण ग्रॅहम (होय, तेच) यांनी दाखवून दिले की, हे औषध टोचल्यावर कानशिलावरच्या धमनीचे उडणे मंदावते आणि त्याबरोबर ठणकाही ओसरतो. रुग्णांना प्रथमच खात्रीचा उतारा मिळाला.

६/ पण या उताऱ्यातच एक सापळा होता. महिन्यातून १० किंवा अधिक दिवस अर्गोटामिन घेतले, तर औषधच डोकेदुखीला खतपाणी घालू लागते. आजच्या व्याख्येनुसार तीन महिन्यांहून अधिक काळ, दर महिन्याला १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे असतील, तर तिला 'जीर्ण' म्हणतात. अशा रुग्णाला प्रत्येक ठणक्यावर गोळी देत राहणे म्हणजे त्याला आणखी खोल ढकलणे. त्याला हवा असतो प्रतिबंध.

७/ तो आला फ्लॉरेन्सहून. १९५९ मध्ये फेडेरिगो सिकुतेरी यांनी मेथिसर्जाइडचा प्रतिबंधक गुण जाहीर केला. हेही सँडोझचेच, अरगटच्याच कुळातले. सेरोटोनिन या शरीरातील रसायनाला अटकाव करणारे. अर्धशिशीच्या मुळाशी सेरोटोनिनचा बिघाड असावा, असा सिकुतेरींचा कयास होता. 'नसांची कटकट' किंवा 'अतिमहत्त्वाकांक्षी स्वभाव' अशी कारणे ऐकून कंटाळलेल्या रुग्णांच्या दृष्टीने एवढेही थोडे नव्हते. स्वभावाचा तो सिद्धान्त मांडण्यात स्वतः वुल्फ आघाडीवर होते, हेही नोंदवायला हवे.

८/ आणि मग बॉस्टनमध्ये ग्रॅहम यांच्या रुग्णांच्या तक्रारी बदलू लागल्या. डोके शांत, पण कंबर आणि कूस दुखते, लघवी अडते. तपासणीत दिसले की, पोटाच्या मागील भागात, पाठीच्या कण्यालगत, घट्ट तंतुमय ऊतक साचत आहे आणि ते मूत्रवाहिन्यांना आवळत आहे. पुढे काहींच्या फुप्फुसांच्या आवरणात आणि हृदयाच्या झडपांतही तसेच आढळले. प्रमाण अल्प होते. पण उपेक्षिले तर मूत्रपिंड गमावण्याची वेळ येऊ शकत होती.

९/ ग्रॅहम यांनी ते दडवले नाही. ज्या औषधाची भलामण आपण केली त्याविरुद्ध पुरावा आपणच मांडायचा, हे वैद्यकाच्या इतिहासात वाटते तितके सर्रास घडत नाही. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे तंतू विरतात, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्यातून 'औषधाची सुट्टी' हा नियम रुजला: सहा महिने घ्या, मग सुमारे महिनाभर बंद. त्या महिन्यात डोके पुन्हा ठणकू लागे. मूत्रपिंड वाचवायचे, तर ठणका सोसायचा, असा हा सौदा होता. अनेकांनी तो वर्षानुवर्षे पत्करला, यावरून त्या ठणक्याची कल्पना यावी.

१०/ मेथिसर्जाइड मागे पडत गेले. त्याची जागा घेतली ती दुसऱ्या रोगांच्या औषधांनी. जेम्स ब्लॅक यांनी हृदयासाठी घडवलेले प्रोप्रानोलॉल हृदयशुळाच्या रुग्णांना देत असता १९६६ मध्ये आढळले की, त्याने अर्धशिशीही कमी होते. नैराश्यावरचे अमिट्रिप्टिलिन, अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट असेच आले. १९९२ च्या सुमारास सुरकुत्यांसाठी बोटॉक्स घेणाऱ्यांनी विल्यम बाइंडर या शल्यविशारदाला सहज सांगितले की, डोकेही दुखेनासे झाले आहे. २०१० मध्ये अमेरिकेत बोटॉक्सला जीर्ण अर्धशिशीसाठी मान्यता मिळाली: दर १२ आठवड्यांनी, डोके, मान आणि खांद्यांवर ३१ ठिकाणी टोचण्या.

११/ उसनवारीची किंमतही असते. व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकते, आणि अर्धशिशीच्या रुग्णांत स्त्रिया पुरुषांच्या सुमारे तिप्पट. शिवाय औषधासोबतच्या कागदावर 'अपस्मार' किंवा 'नैराश्य' वाचून रुग्ण चपापतो, घरचे कुजबुजतात, आणि परिणाम दिसायला जे सहा-आठ आठवडे लागतात, त्याआधीच गोळी बंद होते.

१२/ स्वतःचे म्हणावे असे औषध पुन्हा येण्यास दीर्घ काळ लागला. १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटका चालू असतानाच रुग्णांच्या मानेतील शिरेतून रक्त घेतले, तेव्हा त्यात सीजीआरपी नावाचे प्रथिनासारखे द्रव्य वाढलेले आढळले. ते रोखायचे कसे, याच्या उत्तराला २८ वर्षे लागली. मे २०१८ मध्ये अमेरिकेत एरेनुमॅबला मान्यता मिळाली: महिन्यातून एक टोचणी.

१३/ अशा औषधांना पहिल्या पसंतीच्या उपचारांत स्थान द्यावे, असे अमेरिकेतील डोकेदुखीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले. तोवर तेथील विमा कंपन्यांचा नेहमीचा आग्रह असे की, रुग्णाने आधी रक्तदाबाची, नैराश्याची आणि अपस्माराची औषधे घेऊन पाहावीत, ती निष्फळ ठरल्याचे कागद दाखवावेत, आणि मगच ही टोचणी मागावी.