'अंधाराचा राजपुत्र' आणि गंजलेला स्क्रू

बर्मिंगहॅमची लुकास कंपनी १९व्या शतकात 'किंग ऑफ द रोड' नावाचे सायकलचे दिवे विकायची. पुढे ब्रिटिश मोटारींत तिचे दिवे इतके बदनाम झाले, की जोसेफ लुकासला लोक गमतीनं 'अंधाराचा राजपुत्र' म्हणू लागले.

मला यात अर्धा दोष गंजाचा वाटतो. या गाड्यांत करंट परततो तो बॉडीच्या पत्र्यातून. अर्थचा स्क्रू गंजला की नवा बल्बही मिणमिणतो. तपासायचं कसं? दिवा चालू ठेवून त्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थ टोकाला जाड वायर लावा. उजेड वाढला, तर स्क्रू घासा.

पण जपून! १९६०च्या दशकापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असायचं. सवयीनं निगेटिव्हला वायर लावलीत, तर थेट शॉर्ट. आधी टोक बघा, मगच हात घाला.