पूजारूप आणि शिल्परूप : नाशिक परिसरातील रंगीत मूर्तिप्रतिकृतींचा एक विचार

मूर्तिशास्त्राच्या अभ्यासात दगड, धातू व लाकूड यांतील मूळ शिल्पाला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे त्याच्या रंगीत प्रतिकृतीला मिळालेले नाही. साच्यातून काढून हाताने रंगविलेली मूर्ती म्हणजे बाजारातील वस्तू, तिला इतिहासाचे मोल नाही, अशी एक समजूत अभ्यासकांमध्ये रूढ आहे. ही समजूत तपासून पाहण्यासाठी नाशिक जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. सप्तशृंगगडावरील देवी आणि नाशिकरोड येथील बाळ येशू या दोन अगदी भिन्न परंपरांतील मूर्तींच्या प्रतिकृती येथील घराघरांत आहेत. दोन्ही ठिकाणी प्रतिकृतीने शिल्पाची नव्हे, तर शिल्पावर चढलेल्या आवरणाची नक्कल केलेली दिसते.

कळवण तालुक्यातील सप्तशृंगगडावर कड्याच्या कातळात कोरलेली सुमारे आठ फूट उंचीची अष्टादशभुजा मूर्ती आहे. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धे पीठ मानले जाते. देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी करीत असलेले पठण ती कान देऊन ऐकते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. शेंदूरलेपनाच्या दीर्घ परंपरेमुळे या मूर्तीवर थरावर थर चढत गेले. कोरीव रेषा बुजल्या, चेहरा भरीव व गोलसर झाला आणि मोठे ठळक डोळे हीच देवीची ओळख ठरली. मुकुट, नथ आणि पैठणी यांनी उरलेले शिल्पही झाकले. भाविकाला दर्शन घडत होते ते या रूपाचे. तसबीर रंगविणाऱ्याने व मूर्तिकारानेही तेच रूप उचलले.

मूर्तिकारांच्या कारखान्यात हा बदल प्रत्यक्ष कसा घडतो, हे पाहण्यासारखे आहे. कड्यावरील देवीला पैठणी नेसवली जाते आणि ती बदलता येते. शाडूच्या किंवा प्लास्टरच्या प्रतिकृतीत तीच पैठणी साच्याचा भाग होते, तिचे काठ सोनेरी रंगाने आखले जातात आणि ती कायमची होते. शेंदराचा थर अंगाचा रंग बनतो. नथ, बांगड्या, कंबरपट्टा हे सारे एकाच घडणीत येते. डोळ्यांची आखणी शेवटी होते, आणि देवी ‘वणीची’ वाटते की नाही हे बहुधा त्या आखणीवरच ठरते. थोडक्यात, जे काढता-घालता येण्याजोगे होते ते प्रतिकृतीत अविभाज्य झाले, आणि जे मुळात कोरलेले होते ते तिच्यात उतरलेच नाही.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या बाबतीत मूळ मूर्ती फार दूर, प्राग येथे आहे. १६व्या शतकात स्पेनमधून तेथे गेलेली ही मूर्ती सुमारे ४७ सेंटिमीटर उंचीची असून तिच्या लाकडी गाभ्यावर रंगीत मेणाचा थर आहे. १६२८ मध्ये पोलिक्सेना या सरदार घराण्यातील स्त्रीने ती कार्मेल संघाच्या मठाला दिली. १६३१ च्या सॅक्सन आक्रमणात मूर्तीचे हात मोडले व ती अडगळीत पडली. १६३७ मध्ये ती पुन्हा सापडली. उपासनेच्या ऋतूनुसार या मूर्तीची वस्त्रे बदलतात. पांढरी, तांबडी, जांभळी, हिरवी अशी ती असतात. प्लास्टरच्या प्रतिकृतीत मात्र एकच झगा अंगाबरोबर ओतला जातो व रंगविला जातो. फेब्रुवारीतील यात्रेला मुंबई-वसईकडून येणारा भाविक घरी नेतो तो हा रंगवलेला झगा, मुकुट, डाव्या हातातील गोल आणि आशीर्वादाचा उजवा हात. झग्याखालील मेणाच्या बाळाशी त्याचा संबंध येत नाही. सप्तशृंगीच्या पैठणीचे जे झाले, तेच येथे झग्याचे झाले.

रंग हा शिल्पावरचा उपरा थर आहे, ही कल्पनाही तशी अलीकडची. वेरूळच्या कैलास लेण्याला ‘रंगमहाल’ म्हणत, आणि गिलावा व रंगाचे अवशेष तेथे आजही दिसतात. युरोपातही मध्ययुगीन लाकडी मूर्ती बहुतांशी रंगविलेल्या असत. रीमेनश्नायडर या जर्मन शिल्पकाराने म्युनरश्टाट येथील वेदीची शिल्पे १४९२ मध्ये विनारंगाची पूर्ण केली. ती अवघ्या काही वर्षांत, १५०४-०५ मध्ये, फाइट श्टोस याच्याकडून रंगवून घेण्यात आली. उपासकांना उघडे लाकूड पुरेसे वाटले नसावे.

सप्तशृंगगडावर याच्या उलट घडले. २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून मूर्तीवरील शेंदराचे थर काढण्यात आले आणि त्या वर्षीच्या शारदीय नवरात्रात थरांखालील कोरीव रूप भाविकांसमोर आले. हेच देवीचे मूळ रूप, असा आनंद अनेकांना झाला. शिल्परूपाच्या दृष्टीने ते खरेच आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्या रूपापुढे नवस बोलले गेले, ते रूप गडावरून गेले, हेही तितकेच खरे. ते आता छायाचित्रांत, तसबिरींत आणि रंगीत प्रतिकृतींत उरले आहे. काल बाजारू ठरलेली वस्तू अशा रीतीने आज साधन झाली आहे.

हे साधन वापरताना एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. २०२२ पूर्वी तयार झालेल्या साच्यातून त्यानंतरही मूर्ती काढता येते. म्हणून मूर्तीचे वय आणि तिच्यातील रूपाचे वय एक धरता येत नाही. एखादी प्रतिकृती नोंदविताना साचा केव्हाचा, रंग किती वेळा दिला, डोळे कोणत्या पद्धतीने आखले, याची वेगळी नोंद हवी. छायाचित्र पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी घ्यावे. मानेचा कल किती उतरला आहे, हे बाजूनेच कळते. हे काम लांबविण्यासारखे नाही. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. रंग उडालेली जुनी प्रतिकृती नवी आणली की गोदावरीत विसर्जित होते, आणि प्लास्टर असो वा शाडू, तिच्यावरचा हाताने दिलेला रंग पाण्यात पहिल्यांदा जातो.