चित्रपुस्तकांतून लहान मुलांना सजगतेची ओळख

आत्ता शरीरात, मनात आणि भोवताली काय चालले आहे याचे भान ठेवणे म्हणजे सजगता. पालीत तिला ‘सति’ म्हणतात. आर्य अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग ‘सम्मासति’ ते हेच.

धम्मातील आधार

लहान मुलाला डोळ्यांना दिसेल अशा वस्तूवरून शिकवण्याची रीत धम्मात जुनी आहे. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात तथागत राहुलाला भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवतात, ते ओतून टाकतात, भांडे उपडे करतात आणि खोटे बोलण्याचा परिणाम समजावतात. पुढे आरशाचा दाखला येतो : कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तिच्याकडे नीट पाहा. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. अशोकाच्या भाब्रू शिलालेखात या उपदेशाचा उल्लेख आहे.

उपयोगी पुस्तके

थिच न्हात हान (१९२६–२०२२) यांच्या ‘अ हँडफुल ऑफ क्वाएट’मध्ये चार खड्यांचे ध्यान आहे. फूल, पर्वत, शांत पाणी आणि आकाश मनात आणून मूल श्वास घेते. जॉन म्यूथ यांच्या ‘झेन शॉर्ट्स’मध्ये (२००५) एक पांडा भावंडांना गोष्टी सांगतो. मराठीत सचित्र जातककथा आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रपुस्तके मोफत वाचता येतात.

वाचायचे कसे?

- विहारातील बालवर्गात किंवा घरी, मुलाला चित्र दिसेल असे जवळ बसा.
- एका चित्रावर थांबा. विचारा : “याला काय वाटत असेल? तुला असं वाटतं तेव्हा पोटात, छातीत काय होतं?”
- मुलाला आडवे झोपवून पोटावर लहान खेळणे ठेवा. श्वासाबरोबर ते वर-खाली होताना पाहू द्या. चार-पाच श्वास पुरेत.
- तात्पर्य सांगू नका. तेच पुस्तक पुन्हा मागितले, तर पुन्हा वाचा.

काळजी

सजगता म्हणजे ‘गप्प बस’ नव्हे. खोडकर मुलाला शिक्षा म्हणून ध्यानाला बसवू नये. भेदरलेल्या मुलाला डोळे मिटायची सक्ती करू नये. आतले ओळखायला शिकलेले मूल एखाद्या दिवशी सांगेल, “बाबा घरी आले की पोटात दुखतं.” तेव्हा पुस्तक मिटून ऐकायचे असते. मूल संकटात असेल तर चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकावर कळवावे. मुलाला शांत करण्याआधी त्याचे ऐकणे, ही मोठ्यांची सजगता.