शिंदी : ओळख, लागवड व निगा

शास्त्रीय नाव : फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस

ठाणे जिल्ह्यात शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी शिंदी आपोआप उगवते. ताडाचे पान पंख्यासारखे, तर शिंदीचे नारळासारखे असते. देठाच्या बुडाशी मात्र तीक्ष्ण काटे असतात. खजुराला बुंध्याशी फुटवे येतात, शिंदीला येत नाहीत. त्यामुळे तोडलेले झाड पुन्हा फुटत नाही. नवीन झाड बियांपासूनच तयार करावे लागते.

रोपे : पावसाळ्याच्या तोंडावर पिकलेली फळे गोळा करून गर काढावा. ताजे बी एक दिवस पाण्यात भिजवून उंच पिशवीत लावावे, कारण मूळ आधी खोल जाते. उगवणीस 2 ते 3 महिने लागतात. पहिले पान गवतासारखे दिसते. तण समजून उपटू नये.

लागवड : पुढील पावसाळ्यात बांधावर 10 ते 12 फुटांवर रोपे लावावीत. पाणी साचणारी जागा टाळावी. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. नर व मादी झाडे वेगळी असून फुलोऱ्यापूर्वी ओळखता येत नाहीत. फळे मादीलाच धरतात, म्हणून रोपे जास्त लावावीत.

निगा : गेंड्या भुंगा शेंडा पोखरतो, सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोड पोखरतात. शेंडा गेला की झाड मरते. शेणखताचा ढीग झाडाजवळ ठेवू नये. केरसुणी, चटईसाठी बाहेरचीच पाने काढावीत, मधला कोंब राखावा.

परवाना : नीरा किंवा ताडीसाठी झाड छेदण्यापूर्वी 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घ्यावा.